शिंपला सापडला, आता खडकाचं वय कसं काढायचं?

पावसाळा ओसरून नद्यांचं पाणी उतरलं की माझ्या फोनवर शिंपल्यांचे फोटो यायला लागतात. कधी मार्कंडेयच्या काठावरून, कधी हिडकल धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळातून, कधी खानापूरकडच्या एखाद्या शेतातून. खाली प्रश्न ठरलेला: "सर, किती वर्षांचं असेल बघा की."

नुसत्या फोटोवरून मी वय सांगत नाही, आणि त्यामुळे काही जण रुसतातही. पण शिंपला एकटा वय सांगतच नाही. तो कुठल्या थरात होता, कसा पडला होता, त्याच्या सोबतीला आणखी कोण होतं, यावरून वय निघतं. ते सगळं जागेवर सोडून शिंपला तेवढा खिशात घालून आणला, तर तो शोकेसमध्ये ठेवण्यापलीकडे कामाचा राहत नाही. बेळगाव, निपाणी, चंदगड भागातल्या विद्यार्थ्यांना मी जो क्रम सांगतो तोच इथे देतो. टप्पे उलटसुलट करू नका, कारण बहुतेक चुका शिंपला ओळखण्याच्या खूप आधी होऊन गेलेल्या असतात.

टप्पा १ : आधी पायाखालचा खडक बघा

बेळगाव शहराच्या आसपास दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि त्यावर जांभा. बेसाल्ट हा लाव्हा, त्यात समुद्री शिंपला कुठून येणार? जांभा म्हणजे खडक कुजून मागे राहिलेला लाल, सच्छिद्र भाग. त्यातल्या वेड्यावाकड्या नळ्या आणि पोकळ्या बघून अनेकांना किडे, हाडं, शिंपले सगळं दिसतं. ते मनातून काढून टाका.

पूर्वेला गोकाककडे गेलात की कलादगी समूहाचे खडक लागतात. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली पडतो, तो कडा याच समूहातल्या कठीण क्वार्टझाइटचा. हे गाळाचेच खडक आहेत, यात चुनखडक आणि शेलही आहेत, म्हणून आशा वाटते. पण ते प्रोटेरोझोइक काळातले. द्विपुट, म्हणजे दोन झाकणांचे (दोन पुटांचे), शिंपले पृथ्वीवर दिसू लागले ते कँब्रियनमध्ये, सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी, आणि कलादगीचे थर त्याआधीच साचून झालेले होते. तिथल्या चुनखडकात बागलकोटकडे एकावर एक कांद्याच्या पापुद्र्यांसारखे घुमट दिसतात. ते स्ट्रोमॅटोलाइट, सूक्ष्मजीवांच्या चटयांनी रचलेले. त्यांना शिंपला म्हणू नका.

राहिले लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणारे गाळाचे पातळ पट्टे, म्हणजे इंटरट्रॅपियन. दख्खनच्या या भागात अशा पट्ट्यांत गोगलगायी आणि शिंपले मिळतात, पण ते तळ्यातले, गोड्या पाण्यातले. गोड्या पाण्यातले शिंपले एका खोऱ्यापुरते असतात, त्यामुळे दूरच्या थरांशी जुळणी करताना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. या लेखातली पद्धत समुद्री शिंपल्यांची आहे.

थोडक्यात, हे काम शिकायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावं लागतं.

तपासा : हातातली वस्तू यांपैकी तर नाही ना?
- नदीतला आजचा शिंपला. हलका, आतून मोत्यासारखा चकचकीत, बिजागरीपाशी तपकिरी पापुद्रा शिल्लक. एखादा तुकडा आचेवर धरला तर केस जळाल्यासारखा वास येतो.
- गोव्याकडून किंवा कारवारकडून आलेल्या वाळूतला, किंवा कोंबड्यांच्या खाद्यात घालतात त्या शिंपल्यांच्या चुऱ्यातला तुकडा.
- परसातल्या उकिरड्यातली तिसऱ्यांची टरफलं. पाया खणताना तीन फुटांवर मिळालेला एक "जीवाश्म" माझ्याकडे मोठ्या उत्साहाने आणला गेला होता. कुणाच्या तरी आजीने केलेल्या तिसऱ्यांच्या आमटीचा तो पुरावा होता, बाकी काही नाही.
- शहाबादी फरशीवरची नेच्यासारखी काळी नक्षी. ती खनिजांची असते, झाडाची नव्हे. जैसलमेरच्या पिवळ्या फरशीत मात्र शिंपल्यांचे आडवे छेद खरोखर दिसतात. तो चुनखडक ज्युरासिक काळातला, पण खाणीतला थर माहीत नसल्यामुळे फरशीवरून यापुढे काहीच सांगता येत नाही.

टप्पा २ : सराव घरात, मासळी बाजारातून

जीवाश्माला हात लावण्यापूर्वी जिवंत जातीवर हात बसवा. बाजारातून अर्धा किलो तिसऱ्या आणि मिळाली तर थोडी कालवं आणा. मांस घरच्यांना द्या, टरफलं उकळून, घासून, जोड्या न मोडता वाळवा.

आता एक एक घेऊन हे शोधा: टरफलाचं टोक म्हणजे उंबो, त्याच्या खालची बिजागरी आणि तिच्यातले दात, दोन बाजूंना स्नायूंचे दोन गुळगुळीत व्रण, आणि त्या व्रणांना जोडणारी प्रावार रेषा, म्हणजे प्राण्याचं मऊ आवरण टरफलाला चिकटलेलं होतं त्याची खूण. तिसऱ्यांमध्ये ही रेषा एका बाजूला आत वळून खाच करते. ही खाच प्राण्याच्या मागच्या बाजूला असते. टरफलाची आतली बाजू आपल्याकडे आणि टोक वर धरा. खाच डाव्या हाताला असेल तर तो डावा पुट, उजव्या हाताला असेल तर उजवा. वीस टरफलं डोळे मिटून लावता येईपर्यंत हे करा.

कालवात ही सगळी शिस्त मोडलेली दिसेल. स्नायूचा व्रण एकच, दोन पुट वेगवेगळ्या आकाराचे, आणि डावा पुट दगडाला चिकटलेला. कालव ज्या दगडावर बसतं त्या दगडाचा आकार घेतं. म्हणून नुसत्या बाह्य आकारावरून कालवाची जात ठरवणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

टप्पा ३ : जागा आणि तयारी

आपल्या इकडून जाण्यासारख्या तीन जागा मी सुचवतो. तमिळनाडूतला अरियलूर आणि तिरुचिरापल्ली परिसर, जिथे क्रिटेशसचे, म्हणजे ज्युरासिकनंतरच्या काळातले, समुद्री थर उघडे पडलेत. कच्छ, जिथे ज्युरासिक थर आणि ट्रायगोनियाच्या कुळातले जाड, नक्षीदार शिंपले आहेत. आणि नर्मदा खोऱ्यातलं बाघ, जिथले क्रिटेशस चुनखडक दख्खनच्या लाव्ह्याखाली दबलेले आहेत. पहिल्या खेपेला अरियलूर बरं. थर जवळजवळ आडवे आहेत, आणि सिमेंटसाठी चुनखडकाच्या खाणी असल्यामुळे ताजे छेद, म्हणजे एकावर एक थर दिसणारे उभे कापलेले कडे, मिळतात. खाणीत शिरायला लेखी परवानगी लागते. ती आधी घ्या, फाटकावर जाऊन हुज्जत घालू नका. संरक्षित जीवाश्म-स्थळावर गोळा करायचं नाही, फक्त बघायचं आणि फोटो काढायचे.

निघण्यापूर्वी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरून त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा बघून ठेवा. कुठल्या थरसमूहावर उभे राहणार आहात हे गाडीत बसतानाच माहीत असलं पाहिजे.

पिशवीत हे हवं: भूशास्त्रीय हातोडा, दोन छिन्न्या, डोळ्यांवर चष्मा, १० पट भिंग, होकायंत्र आणि नती, म्हणजे थराचा उतार, मोजायचं क्लिनोमीटर, ३० मीटरचा टेप, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल ड्रॉपरच्या बाटलीत, जुनी वर्तमानपत्रं, कापडी पिशव्या, कापूस, पक्क्या शाईचा मार्कर, पेन्सिल, आणि कडक पुठ्ठ्याची वही.

सावधान : आम्ल खडकावर टाकायचं, जीवाश्मावर कधीच नाही. टरफल कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. एक थेंब पडला की वरची नक्षी गेली, आणि जात ओळखायची ती नेमकी त्या नक्षीवरून.

टप्पा ४ : छेद मोजा, खालून वर

शिंपले दिसले की माणूस धावतो. धावू नका. आधी खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत छेद मोजायचा आणि प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा. सर्वांत खालचा १. वरून खाली क्रमांक दिलेल्या वह्या मी परत करतो, कारण नंतर दोन वह्या जुळवताना त्याच गोंधळ घालतात.

प्रत्येक थरासाठी जाडी, खडकाचा प्रकार, रंग, कणांचा आकार, वरची आणि खालची सीमा सरळ आहे की खणलेली, आणि शिंपले विखुरलेले आहेत की गचडीने, एवढं लिहा. जमीन सपाट आणि थर तिरके असतील तर पावलांनी मोजलेली रुंदी म्हणजे जाडी नव्हे. रुंदीला नतीच्या कोनाच्या साइनने गुणा. समजा सपाट रानात थराची रुंदी ४० मीटर भरली आणि नती १२ अंश आहे. १२ अंशांची साइन सुमारे ०.२०८, म्हणजे खरी जाडी सुमारे ८.३ मीटर. चाळीस लिहून आलात तर पुढची सगळी जुळणी पाच पट फुगते.

थर उलटे झालेले नाहीत ना, हेही आत्ताच बघायचं. आडव्या, न मोडलेल्या थरांत शंका कमी. हिमालयात किंवा जिथे घड्या पडल्यात तिथे हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय पुढे जाऊच नये.

तपासा : वहीतलं रेखाचित्र दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि त्याला थर क्रमांक ६ शोधायला सांगा. त्याला सापडला तर पुढे चला.

टप्पा ५ : जागेवरचाच शिंपला घ्या

सगळ्यांत जास्त नासाडी या टप्प्यावर होते.

उताराच्या पायथ्याशी पडलेले सुटे शिंपले सुंदर असतात, धुतलेले असतात, वाकून उचलायचे असतात. ते कुठल्या थरातून ओघळले हे कुणालाच सांगता येत नाही. ओळखीच्या सरावासाठी ते वेगळ्या पिशवीत टाका आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत "सुटे" लिहा. वय काढायला फक्त थरात रुतलेले.

थरातून काढण्यापूर्वी एकदा थांबून त्याची ठेवण बघा. दोन्ही पुट जोडलेले आणि जिवंतपणी असायचा तसा उभा रुतलेला दिसला तर तो तिथेच जगला, तिथेच गाडला गेला. हा सर्वोत्तम पुरावा. सुटे पुट बहुतेक उपडे, म्हणजे फुगीर बाजू वर, तर प्रवाहाने आणून टाकलेत, कारण उपडा पुट पाण्यात स्थिर राहतो. एवढ्याने काही बिघडत नाही, ते त्याच काळातले असू शकतात. बिघडतं ते पुनर्निक्षेपात. जुन्या थरातून झिजून निघालेला शिंपला नव्या थरात येऊन बसतो आणि थराला लाखो वर्षं म्हातारा करून टाकतो. खुणा बघा: कडा झिजून गोल झालेल्या, आतल्या पोकळीतला गाळ बाहेरच्या गाळापेक्षा वेगळ्या रंगाचा, टरफलावर इतर जीवांनी पाडलेली भोकं, किंवा शेजारचे शिंपले ताजे आणि हा एकटाच घासलेला. अशी एकही खूण असेल तर तो वयाच्या हिशेबातून बाजूला ठेवा.

एका थरातून एकच नमुना आणू नका. एका जातीचे शक्य तर पाच-सात, लहान-मोठे मिळून. लहान वाढीचे नमुने मोठ्यांइतकेच महत्त्वाचे असतात. का, ते आठव्या टप्प्यात येईल.

टरफल विरघळून फक्त साचा उरलेला असतो, असंही होतं. आतला साचा म्हणजे पोकळीत भरलेला गाळ, त्यावर स्नायूंचे व्रण आणि प्रावार रेषा दिसते. बाहेरचा ठसा म्हणजे खडकावर उमटलेली नक्षी. दोन्ही लागतात. लोक आतला साचा घेतात, कारण तो अखंड शिंपल्यासारखा दिसतो, आणि ठशाचा दगड फेकून देतात. बाहेरच्या ठशात लेटेक्स ओतून अस्सल नक्षी परत मिळवता येते.

टप्पा ६ : चिठ्ठी दोन ठिकाणी

एक चिठ्ठी पिशवीच्या आत, कागदात गुंडाळून, आणि एक नंबर नमुन्याच्याच खडकावर मार्करने. ठिकाण, जीपीएसचे आकडे, थर क्रमांक, थराच्या तळापासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. बॉलपेनने लिहू नका. माझ्या पहिल्या सहलीतल्या चाळीस पिशव्या परतीच्या वाटेवर पावसात भिजल्या आणि चिठ्ठ्यांवर निळे डाग तेवढे उरले. ते शिंपले अजूनही घरी आहेत, त्यांचा उपयोग मी पेपरवेट म्हणून करतो.

टप्पा ७ : साफ करणं

सुई, दात घासायचा मऊ ब्रश आणि संयम. चिखलाचा थर कोमट पाण्यात भिजवून सुटतो. शेलमधला नाजूक नमुना मात्र पाण्यात टाकू नका, तो पापुद्रे होऊन विरघळेल. भेगा पडत असतील तर पातळ पॅरालॉइड (नंतर काढता येणारं रेझिन) लावा. फेव्हिकॉल नको, पुढे तो निघत नाही.

टप्पा ८ : जात ओळखा

पहिला प्रश्न: हा द्विपुट आहे की ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारखा दिसणारा पण वेगळ्या गटातला समुद्री प्राणी? जुन्या समुद्री थरांत दोन्ही एकत्र असतात आणि नवशिके त्यांची सरमिसळ करतात. द्विपुटात सममितीची रेषा दोन पुटांच्या मधून जाते, म्हणजे डावा पुट उजव्याचं प्रतिबिंब, पण एकच पुट घेतला तर तो पुढे-मागे असमान. ब्रॅकिओपॉडात उलट. एका पुटाचे मधोमध दोन समान भाग होतात, पण वरचा आणि खालचा पुट वेगळे, आणि टोकाशी देठाचं छिद्र. कालवं आणि त्यांची नातलग मंडळी हा नियम मोडतात, म्हणून शेवटचा निर्णय बिजागरीवर घ्या.

मग बिजागरी. दातांची रचना अनेक प्रकारची, पण सुरुवातीला तीन पुरेत. आर्का या शिंपल्यात एका सरळ रेषेत बारीक बारीक, कंगव्यासारखे दात. तिसऱ्यांसारख्यांत टोकाखाली मोजके जाड दात. ट्रायगोनियात मोठे, खोबणी असलेले, एकमेकांत घट्ट बसणारे दात. ट्रायगोनियाचं टोक मागच्या बाजूला वळलेलं असतं, बहुतेक शिंपल्यांच्या उलट. टोकावरून पुढची बाजू ठरवायची सवय असलेल्यांची इथे हमखास फसगत होते.

दात झाकलेले किंवा तुटलेले असतील तर नक्षी, वाढीच्या रेषा आणि आकार. इनोसेरॅमिड या क्रिटेशसमधल्या महत्त्वाच्या गटात तर दातच नसतात. एका ओळीत खोबण्या असतात, आणि टरफल कॅल्साइटच्या उभ्या स्फटिक-काड्यांचं बनलेलं असतं. तुटलं की त्या काड्या सुट्या पडतात. शेलमध्ये नुसत्या काड्या दिसल्या तर "इथे इनोसेरॅमिड होते" एवढंच म्हणता येतं. जात म्हणता येत नाही, आणि वय तर नाहीच. जात ठरते ती वाढीच्या सुरुवातीचा भाग, वळ्यांमधलं अंतर आणि फुगीरपणा बघून. लहान नमुने आणा म्हटलं ते यासाठी. गाळाच्या भाराने चपटा झालेला नमुना मूळ आकारापेक्षा वेगळा दिसतो, हेही हिशेबात घ्या.

नावाच्या बाबतीत आणखी एक अडचण. दीडशे वर्षांपूर्वी ज्या शिंपल्यांना सरसकट ट्रायगोनिया, इनोसेरॅमस, एक्झोगायरा म्हटलं गेलं, त्यांचे आता अनेक वेगळे वंश केलेत. जुन्या चिठ्ठीवरचं नाव जसंच्या तसं घेऊन नव्या काळपट्टीत (ती जात कधीपासून कधीपर्यंत होती ते दाखवणाऱ्या पट्टीत) शोधलं तर चुकीची पट्टी हाती येते. आधी नावाचं आजचं रूप शोधा, मग पट्टी.

तपासा : खात्री नसेल तर नावापुढे "सदृश" किंवा "जवळची" अशी स्पष्ट खूण ठेवा. फोटोतल्या चित्राशी जुळलं म्हणून जात ठरली, असं होत नाही.

टप्पा ९ : काळपट्ट्या एकमेकींवर ठेवा

वय काढायचं काम खरं तर इथे सुरू होतं, आणि ते कागदावरचं आहे.

थराच्या जातींची यादी करा आणि प्रत्येकीची काळपट्टी आखा: ती जात पहिल्यांदा केव्हा दिसते आणि शेवटची केव्हा. पॅलिओबायोलॉजी डेटाबेस हा फुकट उपलब्ध साठा सुरुवातीला चालतो. त्यात जुन्या, चुकीच्या ओळखीही शिरलेल्या आहेत, तेव्हा मूळ वर्णन बघूनच पट्टी पक्की करा.

क्रिटेशसचे लहान कालखंड, म्हणजे स्टेज, यांतले पाच जुन्याकडून नव्याकडे असे: आल्बियन, सेनोमॅनियन, ट्युरोनियन, कोनियासियन, सँटोनियन. समजा तुमच्या थर क्रमांक ६ मध्ये तीन जाती आहेत. क जात आल्बियनपासून ट्युरोनियनपर्यंत मिळते, ख जात सेनोमॅनियनपासून कोनियासियनपर्यंत, ग जात ट्युरोनियनपासून सँटोनियनपर्यंत. तिन्ही एकत्र राहू शकतील असा काळ एकच, ट्युरोनियन. म्हणजे साधारण ९ कोटी ४० लाख ते ९ कोटी वर्षांपूर्वी. एकट्या क वरून दोन कोटी वर्षांपेक्षा जास्त रुंदीची खिडकी मिळाली असती. एका शिंपल्यावरून वय सांगायला मी का नकार देतो ते यात आलं.

सगळ्या जातींचं वजन सारखं नसतं. आर्का, ऑस्ट्रिया (कालव), पेक्टेन (पंख्यासारखा शिंपला) ही नावं फार लांब काळ चालत आलेली. यांतला कुणी सापडला तर वयाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच कळत नाही. ज्या जाती लवकर बदलल्या, दूरवर पसरल्या आणि लवकर संपल्या, त्या कामाच्या. काही ओळखीची नावं:

युरिडेस्मा हा थंड समुद्रातला जाड टरफलाचा शिंपला, पूर्व पर्मियनचा, सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा. छत्तीसगढमधल्या मनेंद्रगढच्या समुद्री थरांत तो आहे. नुसत्या वंशावरून वय सांगता येणं विरळा, इथे ते बरंचसं जमतं. ट्रायासिकमध्ये क्लॅराया आरंभी, डाओनेल्ला मधल्या काळात, हॅलोबिया उत्तरार्धात आणि मोनोटिस अगदी शेवटाकडे. स्पितीच्या थरांना डाओनेल्ला, हॅलोबिया, मोनोटिस यांची नावंच पडलीत. उत्तर ज्युरासिक ते पूर्व क्रिटेशससाठी बुकिया, पण तो थंड समुद्रातला, दक्षिण भारतात शोधत बसू नका. आणि क्रिटेशससाठी इनोसेरॅमिड. कोनियासियन आणि सँटोनियन या दोन्ही स्टेजांचा आंतरराष्ट्रीय तळच इनोसेरॅमिड जातींच्या पहिल्या दर्शनावर ठरलेला आहे. पहिला जर्मनीतल्या झाल्झगिटर-झाल्डरला, दुसरा स्पेनमधल्या ओलाझागुटियाला.

सावधान : "ही जात इथून वर मिळत नाही, म्हणजे संपली" असं धरू नका. दुर्मीळ जातीचा शेवटचा सापडलेला नमुना तिच्या खऱ्या अंताच्या आधीचाच असण्याची शक्यता जास्त. वरच्या थरात चिखलाऐवजी वाळू आली असेल तर चिखलातली जात राहायला दुसरीकडे गेलेली असू शकते. शिंपले तळाला बांधलेले प्राणी आहेत, तळ बदलला की वस्ती बदलते, आणि वस्तीतला बदल म्हणजे काळातला बदल नव्हे. म्हणून त्याच थरातले अमोनाइट (वेटोळ्या टरफलाचे, नामशेष समुद्री प्राणी) किंवा फोरामिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशीय जीव) मिळत असतील तर त्यांचीही पट्टी लावून बघा. दोघांचं जुळलं नाही तर पाचव्या टप्प्यावर परत जा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

टप्पा १० : वर्षांचा आकडा कुठून येतो

शिंपल्यावरून मिळतं ते सापेक्ष वय, म्हणजे स्टेजचं नाव. त्या नावाला वर्षांचा आकडा मिळतो तो जगात कुठे तरी त्याच थरांत सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या किरणोत्सारी वयावरून किंवा लाव्ह्यावरून. आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोगाचा कालपट वेळोवेळी सुधारतो आणि फुकट मिळतो. कुठल्या वर्षीची आवृत्ती वापरली ते लिहायला विसरू नका.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त ऐकू येणारा प्रश्न: "कार्बन डेटिंग करून घेऊ या की?" नाही. किरणोत्सारी कार्बनची पोहोच सुमारे ५० हजार वर्षं. कोट्यवधी वर्षांच्या शिंपल्यात तो उरलेलाच नसतो, आणि तरी प्रयोगशाळेने आकडा दिलाच तर तो भेसळीचा असतो. कोकण किनाऱ्यावर ज्याला करळ म्हणतात, त्या शिंपले-वाळूच्या घट्ट दगडासाठी मात्र कार्बन चालतो, कारण त्यातले शिंपले फार अलीकडचे.

लाव्हा मदत करतो तो वेगळ्या तऱ्हेने. समुद्री थरावर दख्खनचा लाव्हा बसलेला असेल तर खालचा थर त्याहून जुना, म्हणजे किमान साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा. आंध्रात राजमहेंद्रीजवळ असे समुद्री जीवाश्म असलेले थर लाव्ह्याखाली आहेत, आणि तो लाव्हा आपल्याच दख्खनचा, पूर्व किनाऱ्यापर्यंत वाहत गेलेला. शिंपल्यांवरून काढलेलं वय या मर्यादेपेक्षा तरुण आलं तर ते चूक, वाद घालायचं कारण नाही.

टरफल मूळ अवस्थेत असेल तर स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर मोजून समुद्राच्या जागतिक आलेखाशी जुळवता येतं. त्यासाठी कालवं आणि पेक्टेन बरे, कारण त्यांचं टरफल मुख्यतः कॅल्साइटचं आणि टिकाऊ. अ‍ॅरॅगोनाइटचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच कमी टिकाऊ रूपाचं, टरफल बहुधा बदलून कॅल्साइट झालेलं असतं, आणि बदललेल्या टरफलात मूळ समुद्राऐवजी नंतर मुरलेल्या पाण्याचा आकडा मिळतो. आलेख जिथे तीव्र चढतो, उदाहरणार्थ ऑलिगोसीन-मायोसीनमध्ये, तिथे ही पद्धत चांगली चालते. जिथे तो सपाट आहे तिथे पैसे वाया.

टप्पा ११ : निष्कर्ष लिहा

वय एका आकड्यात लिहू नका, "पासून-पर्यंत" लिहा. कोणत्या जातींवरून, प्रत्येकीचे किती नमुने, किती जागेवरचे आणि किती सुटे, कुठली पट्टी कुठून घेतली, कोणते नमुने पुनर्निक्षेपाच्या संशयावरून बाजूला ठेवले, हे सगळं आलं पाहिजे. बाजूला ठेवलेल्यांची यादी लपवू नका. वाचणारा आधी तीच बघतो.

नमुने कॉलेजच्या किंवा संग्रहालयाच्या कपाटात नंबर देऊन ठेवा, आणि वहीची एक प्रत त्याच कपाटात.